दात, तोंड, घर, वाडी

अक्कलदाढा सोडल्या तर मोठ्या माणसाच्या तोंडात २८ दात धरतात. हिरड्या तपासताना दंतवैद्य टोकाला अर्ध्या मिलिमीटरचा मणी असलेली बारीक सळई प्रत्येक दाताभोवती सहा जागी टेकवतात आणि दोन गोष्टी पाहतात. दात आणि हिरडी यांच्यातली फट किती खोल आहे, आणि सळई काढल्यावर रक्त येतं का. एका तोंडात अशा १६८ जागा. पन्नास बायकांची तपासणी झाली की कागदावर रक्ताच्या ८,४०० नोंदी जमतात आणि प्रत्येक नोंदीसमोर ‘हो’ किंवा ‘नाही’ असतं.

दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर वर्गातला एक विद्यार्थी असा तक्ता घेऊन माझ्याकडे आला होता. मी संख्याशास्त्राची. डॉक्टरांच्या प्रबंधांना आणि आरोग्याच्या पाहण्यांना हिशेबाची मदत करणं हे माझं काम. त्याच्या तक्त्यात चार चौकटी होत्या. मशेरी लावणाऱ्या आणि न लावणाऱ्या, रक्त येणाऱ्या जागा आणि न येणाऱ्या. काय-स्क्वेअर चाचणीचा आकडा भलामोठा होता आणि पी-व्हॅल्यूच्या जागी संगणकाने नुसती शून्यं छापली होती. पोरगा खुशीत होता. मी विचारलं, “बायका किती?”

“पन्नास. पण मॅडम, नोंदी आठ हजारांच्या वर आहेत.”

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या बायकांच्या हिरड्यांचं ते काम पुढे वाढलं, पन्नासाच्या कितीतरी पट बायकांपर्यंत गेलं, आणि एरवी पुण्यात खुर्चीवर बसून तक्ते तपासणारी मीही त्यात ओढली गेले. त्या कामातलं बरंच काही आता मागे पडलं. पण नोंदी किती यापेक्षा एकमेकींशी नातं नसलेल्या नोंदी किती, हा प्रश्न वाडीवाडीत नव्याने समोर आला आणि दर वेळी त्याने आम्हाला वेगळं काहीतरी करायला लावलं.

मशेरी शहरातल्या तरुण वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि ती पूड बोटाने दातांना आणि हिरड्यांना घासायची. सकाळी उठल्यावर एकदा, मग कामं आवरल्यावर, मग शेतातून आल्यावर. ग्रामीण महाराष्ट्रात ही सवय बायकांमध्ये खोल मुरलेली आहे. ‘ती लावल्याबिगर पोट साफ होत न्हाई’ हे वाक्य आम्ही दोन्ही तालुक्यांत ऐकलं. तंबाखूने हिरडी खाली सरकते, दाताचं मूळ उघडं पडतं, पुढे तोंडाच्या कर्करोगाचा धोका असतो. म्हणजे प्रश्न किरकोळ नव्हता आणि त्याचं उत्तर नीट शोधणं गरजेचं होतं.

आता त्या चार चौकटींकडे. कार्ल पिअर्सनने १९०० साली काय-स्क्वेअर चाचणी मांडली. मशेरीचा आणि रक्ताचा काहीच संबंध नसता तर चौकटींत किती आकडे पडले असते ते आधी काढायचं, प्रत्यक्ष आकडे त्यापासून किती लांब गेले ते पाहायचं, आणि इतकं लांब जाणं निव्वळ योगायोगाने घडू शकतं का ते ठरवायचं. हा योगायोगाचा अंदाज एका अटीवर उभा आहे. प्रत्येक नोंद स्वतंत्र हवी, एकीचं उत्तर कळल्यावर दुसरीबद्दल काही कळता कामा नये. एका तोंडातले दात ही अट पाळूच शकत नाहीत. त्यांची लाळ एक, घासणारं बोट एक, वय एक, रक्तातली साखर एक. वरच्या सुळ्यापाशी हिरडी सुजलेली दिसली की शेजारच्या दाताबद्दल अर्धा अंदाज आधीच बांधता येतो. शिवाय मशेरी दात लावत नाहीत, बाई लावते. लावणाऱ्या बाईचे अठ्ठावीसच्या अठ्ठावीस दात तक्त्यात एकाच बाजूला जाऊन बसतात.

लेस्ली किश यांच्या १९६५ च्या नमुना सर्वेक्षणावरच्या पुस्तकाने ‘डिझाइन इफेक्ट’ हा हिशेब जगभर रूढ केला. गटात सरासरी किती नोंदी आहेत त्यातून एक वजा करायचा, त्याला गटातल्या गटातल्या सारखेपणाने गुणायचं आणि त्यात एक मिळवायचा. सारखेपणा शून्य ते एक असा मोजतात. आमच्या पाहणीचे निष्कर्ष सांगणं हा या लेखाचा हेतू नाही, म्हणून समजायला सोपे असे आकडे घेते. जागा सोडून नुसते दात धरू. पन्नास बायकांचे १,४०० दात. समजा, तोंडातल्या तोंडातला सारखेपणा ०.३ आहे. सत्तावीस गुणिले ०.३ म्हणजे ८.१, त्यात एक मिळवला की ९.१. चौदाशेला याने भागलं की साधारण १५४ उरतं, म्हणजे चौदाशे दातांचं वजन १५४ स्वतंत्र दातांइतकंच. काय-स्क्वेअरही त्यानेच भागायचा. नुसत्या दातांवरून १८ आलेला आकडा दोनच्याही आत येतो आणि चार चौकटींच्या तक्त्यात ३.८४ च्या खाली असलेल्या आकड्यावरून संबंध आहे असं कुणी ठामपणे म्हणत नाही. त्या मुलाच्या चेहऱ्यावरची खुशी गेली. मला वाईट वाटलं, पण हिशेब त्याच्यापुढे पूर्ण करून दाखवणं मी टाळलं नाही. कारण त्या शून्यांच्या भरवशावर उद्या कुणीतरी गावोगावी जाऊन काही ठासून सांगणार होतं.

शितावरून भाताची परीक्षा, असं आपण म्हणतो ते खरंच आहे. एका पातेल्यातली शितं सारखी शिजलेली असतात, म्हणून एक दाबलं की पुरे होतं. पण म्हणूनच त्या पातेल्यातली आणखी दहा शितं दाबून नवं काही कळत नाही, आणि शेजारच्या घरातला भात शिजलाय का हे तर मुळीच कळत नाही. त्यासाठी उठून शेजारच्या घरी जावं लागतं.

जुन्नर-आंबेगावात शेजारचं घर ही साधी गोष्ट नाही. पूर्वेकडे आळेफाटा, बेल्हे, नारायणगाव, मंचर या पट्ट्यात कुकडी प्रकल्पाचं पाणी फिरलं आहे. ऊस, द्राक्षं, टोमॅटो, कांदा. इथली माणसं गावठाणापेक्षा मळ्यात राहतात. एका मळ्यात पाच-सात घरं, बहुधा एकाच आडनावाची, एकाच भावकीची. विहीर एक, दुकान एक. सुनाही ठरावीक सोयरिकीच्या गावांतून आलेल्या. मशेरी लावणारी एक थोरली बाई घरात असली की तिच्या हाताखाली वावरणाऱ्या सुनांची बोटंही काळी दिसतात. उलट एखाद्या मळ्यात कुणा बाईच्या तोंडाचं ऑपरेशन झालेलं असलं की सगळ्या मळ्याने मशेरी सोडलेली असते. पश्चिमेला आपटाळ्याच्या पुढे नाणेघाटाच्या बाजूला, किंवा घोडेगावहून डिंभे धरणाच्या पाण्याकडेने तळेघराकडे गेलं की चित्र पालटतं. भाताची खाचरं, हिरड्याची झाडं, महादेव कोळी आणि ठाकर वस्त्या, डोंगराच्या सोंडांवर विखुरलेल्या वाड्या. इथे वाडीतला सारखेपणा आणखी घट्ट. दंतवैद्य सगळ्यांना सारखाच लांब, पाणी सगळ्यांचं एकाच झऱ्याचं. दात तोंडात, तोंडं घरात, घरं वाडीत. प्रत्येक पायरीवर थोडा थोडा सारखेपणा साचत जातो.

पाहणी मोठी करायचं ठरलं तेव्हा आराखड्याच्या बैठकीत पहिला प्रस्ताव आला तो सोयीचा होता. दहा मोठी गावं, प्रत्येकी साठ बायका. शाळेत किंवा समाजमंदिरात शिबिर लावायचं, गाडी दारात, जेवणाची सोय, काम झटपट. मी फळ्यावर दोन ओळी मांडल्या. वाडीतला सारखेपणा तोंडातल्यापेक्षा बराच कमी असणार, समजा ०.०५. दहा ठिकाणी साठ-साठ बायका घेतल्या तर डिझाइन इफेक्ट ३.९५, आणि सहाशे बायकांचं वजन साधारण १५२. साठ ठिकाणी दहा-दहा घेतल्या तर तो १.४५, आणि त्याच सहाशेंचं वजन साधारण ४१४. एका वरिष्ठांनी विचारलं, मग त्या दहा गावांतल्या सगळ्याच बायका तपासू, दोन हजार होऊ देत. या सूत्रातली सगळ्यात बोलकी गोष्ट इथे आहे. ठिकाणं दहाच राहिली तर बायका कितीही वाढवा, वजन दहा भागिले ०.०५, म्हणजे २०० च्या पुढे कधी जातच नाही. तिथे एक कमाल मर्यादा आहे आणि ती ठिकाणांची संख्या ठरवते.

शेवटी मधला रस्ता निघाला. साठ ठिकाणं जमण्यासारखी नव्हती, पण दहाच्या कितीतरी पुढे आम्ही गेलो, आणि प्रत्येक ठिकाणच्या बायका कमी केल्या. हा निर्णय माझ्या हिशेबाने झाला याचं मला आजही समाधान आहे.

आमच्याबरोबर एक निवृत्त आरोग्य सहाय्यक यायचे. त्यांना हे सगळं डॉक्टरांपेक्षा लवकर पटलं, कारण लसीकरणाच्या पाहण्यांतली तीस गुणिले सात ही पद्धत त्यांच्या हाताखालून गेली होती. जागतिक आरोग्य संघटनेने रूढ केलेल्या या पद्धतीत तीस ठिकाणं निवडायची आणि प्रत्येक ठिकाणी सात मुलं पाहायची, एकूण २१०. यामागचा हिशेब साधा आहे. सगळी मुलं स्वतंत्र असती तर दहा टक्के मागेपुढे इतका अंदाज यायला ९६ पुरली असती. एका गावातल्या मुलांची लस एकाच नर्सबाईंच्या फेरीवर अवलंबून असते, म्हणून ती संख्या दुप्पट केली, १९२, आणि तीस-सातच्या मापात बसवली. हेंडरसन आणि सुंदरेसन यांनी १९८२ साली या पद्धतीच्या अनुभवाचा आढावा घेतला होता. घरं निवडण्याची रीत पुढे संघटनेने अधिक काटेकोर केली. आमच्या दादांना सूत्र माहीत नव्हतं, पण ते म्हणाले, “सातच्या पुढं त्याच गल्लीत मोजत बसलं तर तेच तेच निघतं, बाई. तिसावं गाव चुकवलं की मात्र घोटाळा.” इतक्या नेमक्या शब्दांत मी ते कधी वर्गात सांगितलं नव्हतं.

ठिकाणांची यादी करणं हेच एक काम होऊन बसलं. हाताशी २०११ च्या जनगणनेची गावांची यादी होती, पण वाड्या-वस्त्या तिच्यात सुट्या नसतात. आशाताईंच्या वह्यांमधून त्या एकेक काढाव्या लागल्या. आणि यादीतलं माळीण हे नाव आलं तेव्हा खोलीतलं बोलणं थांबलं. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगावातल्या त्या गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. वाचलेल्यांसाठी आमडे इथे नवं गाव वसलं ते २०१७ साली. २०११ च्या कागदावर मात्र घरं होती तिथेच होती. एका वस्तीतल्या माणसांचं नशीब एकमेकांशी किती बांधलेलं असतं हे त्या तालुक्याला मी संख्याशास्त्रातून समजावून सांगायची गरज नव्हती.

चिठ्ठ्या काढून ठिकाणं निवडली की त्यात अशा वाड्या येतातच जिथे स्वतःहून कुणी गेलं नसतं. गाडी सोडायची, खाचरांच्या बांधावरून चालायचं, चढ चढायचा. अशा एका वाडीत पडवीत हिरडा वाळत घातला होता आणि एक आजी त्यातला कचरा निवडत बसली होती. डॉक्टरमुलीने तोंड उघडायला सांगितलं, बॅटरी लावली. तपासणी झाल्यावर आजी म्हणाल्या, “गाडी येती तिथवर समदे येत्यात. तुमी वर कशा काय आलाव?” डॉक्टरमुलगी म्हणाली, “चिठ्ठीत नाव निघालं, आजी.” आजींना ते फारसं पटलं नसावं. पण मी पायवाटेने खाली उतरताना त्यावरच विचार करत होते. आरोग्याच्या कामात लांबच्या वाडीला जाण्याचं कारण बहुधा दया म्हणून सांगतात, कर्तव्य म्हणून सांगतात. इथे कोरडं गणित तेच सांगत होतं. रस्त्यालगतच्या मळ्यातली सोळावी बाई आमच्या ज्ञानात फारशी भर घालत नव्हती. या वाडीतली पहिलीच बाई जी भर घालत होती ती खाली गाडीपाशी बसून आणखी पाच जणी तपासल्या असत्या तरी मिळाली नसती. डिझाइन इफेक्टचं सूत्र मी कितीतरी वर्षं शिकवत आले होते, पण ते लांबच्या माणसाच्या बाजूने बोलतं हे मला तिथे चालताना समजलं.

घरी न भेटणाऱ्या बायकांचा प्रश्न सगळ्यात अवघड होता. पश्चिमेकडच्या कितीतरी जणी हंगामात पूर्वेच्या बागायतीत मजुरीला उतरतात. पूर्वेकडच्या दिवसभर रानात असतात. घरी कोण सापडतं? म्हाताऱ्या, बाळंतिणी, आजारी. त्यांच्याच तोंडांवरून सगळ्यांचं ठरवणं म्हणजे कुठल्याही चाचणीने न सुधारणारी चूक. संध्याकाळी परत जावं तर पूर्वेच्या उसात बिबट्या. जुन्नर वनविभागात ही रोजची गोष्ट आहे, मळ्यातली माणसं दिवस मावळला की पोरांना घरात घेतात. अंधार पडायच्या आत उसाच्या रस्त्यांवरून बाहेर यायचं हा आमचा नियम होता आणि त्यात कुणी सूट मागितली नाही. मग पहाटे जायला लागलो. तीच मशेरीचीही वेळ. दारात बसून दात घासणाऱ्या बायकांनी सवय लपवण्याचं कारण उरत नसे, आणि दुपारी ‘कवातरी लावते’ म्हणणारीचं खरं उत्तर सकाळी काळ्या बोटावर दिसायचं.

एक सारखेपणा मात्र आम्ही आमच्याच हाताने निर्माण करण्याच्या बेतात होतो. डॉक्टर दोन होते, आणि सोय म्हणून एकाने जुन्नर पाहावं, दुसरीने आंबेगाव, असं ठरत होतं. सळई किती दाबायची हे प्रत्येक हाताचं थोडं वेगळं असतं. एकाचा हात जड असला तर त्याच्या वाटच्या तालुक्यात रक्त जास्त दिसणार, आणि तो फरक हाताचा की हिरड्यांचा हे नंतर कुणालाही वेगळं करता आलं नसतं. म्हणून आधी दोघांनी त्याच त्या बायका आलटून पालटून तपासल्या, नोंदी किती जुळतात ते कोहेनच्या कप्पा या मापाने पाहिलं, आणि पुढे प्रत्येक वाडीत दोघंही गेले, बायका वाटून घेतल्या. प्रवास वाढला, कुरकुर झाली. पण माझ्या अनुभवात विश्लेषणाच्या टेबलावर न सुटणारे प्रश्न असेच आधी, पायांनी सोडवावे लागतात.

सारखेपणा नेहमी वैरीच असतो असंही नाही, आणि हे मी प्रत्येक विद्यार्थ्याला आवर्जून सांगते. पूर्वेकडच्या एका मळ्यात दोन जावा शेजारी बसल्या होत्या. थोरली मशेरी लावायची, धाकटी नाही. एकाच चुलीवरचं जेवण, एकाच बोअरचं पाणी, वयातही फार अंतर नाही. दोघींमध्ये जे सारखं आहे ते आपोआप बाजूला पडतं आणि मशेरीपुरता फरक उघडा पडतो. अशा जोड्या मिळाल्या की चाचणीही बदलते. क्विन मॅकनेमारने १९४७ साली दिलेल्या पद्धतीत दोघींच्याही हिरड्यांतून रक्त येतं किंवा दोघींच्याही येत नाही अशा जोड्या निकालात काही बोलत नाहीत. जिथे एकीला येतं आणि दुसरीला नाही तेवढ्याच बोलतात. समजा, अशा १८ जोड्या आहेत आणि त्यांतल्या १४ घरांत रक्त मशेरीवालीला येतं, ४ घरांत दुसरीला. फरक १०, त्याचा वर्ग १००, भागिले १८, म्हणजे ५.५६. अठराच जोड्या, पण ३.८४ ची रेषा ओलांडतात. आठ हजार नोंदींच्या गर्दीपेक्षा या अठरा घरांवर माझा विश्वास जास्त बसेल. दंतवैद्य हीच युक्ती एका तोंडातही वापरतात, डाव्या बाजूला एक उपचार, उजव्या बाजूला दुसरा. तुलना गटाच्या आत असली की गट मदतीला येतो, तुलना दोन गटांमध्ये असली की तो वजन खातो. हा फरक ज्याला कळला त्याला या विषयातलं निम्मं कळलं असं मी मानते.

असं पायऱ्यापायऱ्यांनी, गटागटांतून निवडणं महाराष्ट्राला नवं नाही. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पां. वा. सुखात्मे यांनी पीक कापणीच्या प्रयोगांमधून नमुना निवडीचं शास्त्र देशभर रुजवलं. आधी गावं निवडायची, मग गावातली शेतं, मग शेतातला तुकडा. आज पीकविम्यासाठी ज्या शेतात चौकोन आखून कापणी होते त्या शेतकऱ्याने ही पायऱ्यांची निवड आपल्या बांधावर पाहिलेली असते. आणि वैद्यकातलं आपल्या राज्यातलं सगळ्यात मोठं उदाहरण तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यातलं. टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून १९९९ मध्ये तिथे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासण्यांची तुलना सुरू केली. १,३१,७४६ बायका. पण चिठ्ठ्या बायकांच्या काढल्या नाहीत, गावांच्या ५२ समूहांच्या काढल्या. तीन प्रकारच्या तपासण्या आणि चौथा तुलनेचा गट, प्रत्येकी १३ समूह. एकाच गल्लीत एकीची तपासणी करायची आणि तिच्या शेजारणीला नाही म्हणायचं, हे ना शक्य होतं ना शोभणारं. निकाल २००९ साली प्रसिद्ध झाले. या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या विषाणूची तपासणी एकदाच झालेल्या गटात ३४,१२६ बायकांपैकी ३४ जणी या कर्करोगाने गेल्या, तुलनेच्या गटात ३१,४८८ पैकी ६४. मृत्यूचा धोका जवळपास निम्मा, आणि समूहांचा हिशेब धरूनही तो फरक टिकला. तुलनेच्या गटाला तपासणी न देण्यावरून पुढे नैतिक वाद झाला. तो व्हायलाच हवा होता, त्या ६४ जणींचं देणं कुणी नाकारू नये. पण लाखावर बायका असतानाही आपल्याकडे बावन्नच स्वतंत्र समूह आहेत हे त्या संशोधकांनी आराखड्यातच मान्य केलं होतं. जगाने तो निकाल उचलून धरला यात याचाही वाटा आहे असं मला वाटतं.

आमच्या पाहणीच्या विश्लेषणात पुढचं काम तसं सरळ होतं. काय-स्क्वेअर डिझाइन इफेक्टने दुरुस्त करण्याची रीत जे. एन. के. राव आणि अॅलास्टर स्कॉट यांनी १९८१ साली नमुना सर्वेक्षणांसाठी पक्की केली. राव मूळचे आंध्रातले, पुढे कॅनडात स्थिरावले. डॉनर आणि डोनाल्ड यांनी १९८८ मध्ये तशीच दुरुस्ती वैद्यकीय तक्त्यांसाठी दिली. वय, मधुमेह, शिक्षण असं सगळं एकत्र धरायचं असेल तर लिआंग आणि झेगर यांची १९८६ ची पद्धत आहे. संगणक हे सगळं क्षणात करतो. त्याला फक्त कुठली बाई कुठल्या घरातली आणि कुठलं घर कुठल्या वाडीतलं हे सांगावं लागतं, आणि नेमकं तेच रकाने प्रबंधांच्या तक्त्यांत रिकामे असतात. गावाचं नाव पहिल्या पानावर एकदा लिहिलेलं असतं आणि नोंदींच्या ओळींमधून गळून गेलेलं असतं. आमच्या नोंदवहीत प्रत्येक ओळीवर चार क्रमांक होते. वाडी, घर, बाई, दात. त्या विद्यार्थ्याने ते कधी चुकवले नाहीत. त्याच्या प्रबंधात शेवटी आकडे आले ते पहिल्या तक्त्याइतके भव्य नव्हते, त्यांच्या दोन्ही बाजूंना अनिश्चिततेची रुंद पट्टी होती, आणि तोंडी परीक्षेत त्याने त्या पट्टीचं कारण मला ऐकायला मिळालेल्यांपैकी सगळ्यात स्वच्छ शब्दांत सांगितलं.

काम संपल्यावर दोन्ही तालुक्यांच्या आरोग्य कर्मचाऱ्यांसमोर आम्ही जे दिसलं ते मांडलं. ज्यांना पुढच्या उपचारांची गरज होती त्यांच्या नावांच्या याद्या आशाताईंकडे आधीच दिल्या होत्या. तिथे सारखेपणाने भागायचं नसतं, प्रत्येक बाई पूर्ण एक असते. बैठकीत एका अधिकाऱ्यांनी विचारलं, “मॅडम, सरळ सांगा, जुन्नर जास्त वाईट की आंबेगाव?” मी म्हटलं, “तालुके दोनच आहेत, साहेब. तालुका म्हणून पाहिलं तर आमच्याकडे दोनच नोंदी आहेत. दोन नोंदींवरून कुठलीही चाचणी होत नाही. वाड्या-वाड्यांमध्ये फरक किती आहे, आणि रस्ता संपतो तिथून पुढच्या वाड्या कशा आहेत, एवढं मी खात्रीने सांगू शकते.”

त्यांनी थोडा वेळ कागद चाळले. मग म्हणाले, “बरं. मग त्या रस्ता संपतो तिथून पुढच्या वाड्यांची यादी द्या. फिरत्या पथकाचा पुढचा कार्यक्रम त्यावरून लावतो.” यादी आशाताईंनी तिथल्या तिथे वह्यांमधून उतरवून दिली, आणि पावसाआधी कुठल्या वाड्या उरकायच्या यावर दोन्ही तालुक्यांची माणसं बोलायला लागली.